शब्दामागचं विज्ञान : एपिटॅक्सी

आजचा शब्द आहे ‘एपिटॅक्सी’. ग्रीक भाषेत ‘एपि’ म्हणजे वर आणि ‘टॅक्सिस’ म्हणजे मांडणी. सजीवांच्या वर्गीकरणाला टॅक्सॉनॉमी म्हणतात, त्यातलाही ‘टॅक्सिस’ हाच.

एका स्फटिकावर दुसरा स्फटिक वाढताना तो खालच्या अणूंची मांडणी गिरवतो; पाटीवरचं अक्षर मुलानं गिरवावं तसा. या वाढीला फ्रेंच खनिजशास्त्रज्ञ लुई रवाये यांनी १९२८ मध्ये हे नाव दिलं.

पुढे नीलमण्याच्या चकतीवर गॅलियम नायट्राइडचे थर असेच वाढवून तेजस्वी निळा एलईडी साकारला. त्याच्या जनकांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. याच निळ्या एलईडीच्या आधारे बनलेला घरातला पांढरा एलईडी दिवा लावाल, तेव्हा हा शब्द जरूर आठवा.