स्मृतिभ्रंशाचे घर आणि समाजाचे कर्तव्य

(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचे शब्दांकन)



उत्सवाच्या मांडवात आजाराचा विषय कशासाठी, असे कोणाच्याही मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु पन्नास वर्षांपूर्वी ज्या पिढीने ही संस्था उभी केली, त्या पिढीतील जे आज आपल्यात आहेत ते ऐंशी-नव्वदीच्या घरात आहेत. त्यांच्यापैकी काहींना आपण दिलेली देणगीच काय, आपल्या मुलाचे नावही आज आठवत नसेल. आणि त्यांच्याजवळ बसून त्यांना घास भरवणारी सून, पत्नी किंवा मुलगी या सभागृहात येऊ शकलेली नाही, कारण तिला घर सोडता येत नाही. मला बोलायचे आहे ते मुख्यतः तिच्याविषयी.

प्रथम आजाराविषयी थोडे. आपल्याकडे यास म्हातारचळ म्हणतात, ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून हसण्यावारी नेतात. वस्तुतः स्मृतिभ्रंश हा वार्धक्याचा अटळ परिणाम नसून मेंदूचा विकार आहे. त्याचे अनेक प्रकार असून अल्झायमर हा त्यांतील सर्वाधिक आढळणारा. जर्मन वैद्य अलॉइस अल्झायमर यांनी १९०६ साली त्याचे पहिले वर्णन केले. मेंदूच्या रक्तवाहिन्यांतील बिघाडामुळे होणारा स्मृतिभ्रंशही पुष्कळ आढळतो, आणि त्याच्या मुळाशी बहुधा अनेक वर्षे दुर्लक्षिलेला रक्तदाब व मधुमेह असतो. भारतातील व्यापक पाहणीवर आधारलेला जो अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झाला, त्यानुसार साठ वर्षांवरील लोकसंख्येपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख व्यक्ती स्मृतिभ्रंशाने ग्रस्त आहेत. पुरुषांपेक्षा स्त्रियांत आणि शहरांपेक्षा खेड्यांत हे प्रमाण अधिक आढळले.

एक गोष्ट आपल्या समाजाने विशेष ध्यानात ठेवावी. विसरभोळेपणाचे प्रत्येक कारण असाध्य नसते. थायरॉइडचा विकार, नैराश्य, डोक्याला मार लागून साचलेले रक्त, तसेच ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता यांमुळेही बुद्धी मंदावते, आणि त्यांवर उपचार आहेत. आपण शाकाहारी. ब-१२ आपल्याला प्रामुख्याने दूध व दुधाच्या पदार्थांतूनच मिळते, आणि वय वाढल्यावर त्याचे शोषणही कमी होते. ही तपासणी रक्ताच्या साध्या नमुन्यावर होते. ती न करताच “आता वय झाले” असा निकाल घरच्या घरी देऊ नये.

परंतु निदान झाले, औषधे सुरू झाली, तरी पुढील आठ-दहा वर्षांचा भार दवाखाना उचलत नाही. तो घर उचलते, आणि घर म्हणजे बहुधा घरातील एकच व्यक्ती. नॅन्सी मेस आणि पीटर रॅबिन्स यांनी १९८१ साली अशा कुटुंबांसाठी जे पुस्तक लिहिले, त्याच्या नावातच त्यांनी दिवस छत्तीस तासांचा केला आहे. ज्याने असे रुग्ण सांभाळले आहेत त्याला हे नाव समजावून सांगावे लागत नाही. एकच प्रश्न अर्ध्या तासात वीस वेळा. रात्री दोन वाजता दुकान उघडायला निघणे. स्नानास ठाम नकार. आणि सूर्य मावळू लागला की वाढणारी अस्वस्थता, स्वतःच्याच घरात बसून “मला घरी न्या” असा हट्ट.

यापेक्षाही जिव्हारी लागणारी गोष्ट म्हणजे आरोप. स्मृती ढासळली की माणूस वस्तू ठेवून विसरतो, आणि वस्तू सापडली नाही की ती कोणीतरी चोरली अशी त्याची खात्री होते. संशय येतो तो सतत जवळ असणाऱ्यावर. सासूबाई दर्शनाला आलेल्या शेजारणीला सांगतात, “माझ्या पाटल्या सुनेने घेतल्या. मला दोन दिवस जेवायला दिले नाही.” सासूबाई खोटे बोलत नाहीत, त्यांच्या मनात ते तसेच घडलेले असते. तासापूर्वीचे जेवण त्यांच्यापुरते झालेलेच नसते. पण शेजारीण ते दुसरीला सांगते, दुसरी नणंदेला फोन करते, आणि पुढच्या लग्नसमारंभात त्या सुनेकडे चार जणी वेगळ्या नजरेने पाहतात. जिने सहा महिन्यांत सलग चार तास झोप घेतलेली नाही, तिला हे ऐकावे लागते. मला विचाराल तर समाजाने करावयाचे पहिले साहाय्य पैशाचे नाही, मनुष्यबळाचेही नाही. असे बोलणे कानावर आले की ते तेथेच थांबवावे, आणि त्या सुनेला जाऊन सांगावे की आम्हाला आजार समजतो, आमचा तुझ्याविषयी गैरसमज नाही.

आपल्या घरांत काही प्रश्न आपल्या आचारधर्मातूनही उभे राहतात. आयुष्यभर रात्रिभोजनत्याग पाळलेले आजोबा रात्री दहा वाजता जेवण मागतात. द्यावे, तर त्यांचा नियम मोडला म्हणून सून पापभीतीने व्याकूळ. न द्यावे, तर ते घर डोक्यावर घेतात. नियम हा समजून-उमजून घेतलेला असतो. ज्याला आता दिवस-रात्र ओळखता येत नाही, त्याच्या नियमाचे ओझे दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवणे मला योग्य वाटत नाही. आपल्याकडे प्रत्याख्यानातही आगार ठेवण्याची रीत आहे, हे येथील जाणकारांस ठाऊक आहेच. तरीही कुटुंबाच्या मनात शंका असेल तर आपल्या त्यागी-व्रतींना एकदा विचारून घ्यावे, म्हणजे त्या सुनेच्या मनावरील दडपण तरी उतरेल. बरेचदा सूर्यास्तापूर्वीचे जेवण पोटभर झाले, संध्याकाळी दिवे लवकर लावले आणि घरातील गडबड कमी केली, तर रात्रीची मागणीही कमी होते. मधुमेहाची औषधे चालू असताना उपवास मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय होऊ देऊ नये.

दुसरा प्रश्न सत्याचा. नव्वदीच्या आजी विचारतात, “माझी आई कुठे आहे?” आई वारल्याला पन्नास वर्षे झाली, असे सांगितले तर त्यांना ते दुःख नव्याने होते, आणि तासाभराने पुन्हा विचारल्यावर पुन्हा नव्याने. बाजारात गेली आहे म्हणावे, तर आपल्या तोंडून असत्य जाते. सत्याणुव्रत पाळणाऱ्या घरात ही अडचण लहान नव्हे. अनुभवी लोक तिसरी वाट सुचवतात. “आईची आठवण येते का? काय करायची ती तुमच्यासाठी?” असे विचारावे. आजी आईच्या हातच्या पदार्थाविषयी बोलू लागतात आणि प्रश्न आपोआप मागे पडतो. यात असत्य नाही, आघातही नाही. वाद घालून रुग्णाला पटवणे हे या आजारात कधीच साधत नाही. दुसऱ्याच्या दृष्टीनेही वस्तू पाहावी, यावर आपण अनेकांताची व्याख्याने पुष्कळ ऐकतो. ते ऐकणे सोपे, अंमलात आणणे या घरात फार अवघड जाते.

जे गेले ते गेले, पण सारेच जात नाही. लहानपणी मुखोद्गत झालेले फार उशिरापर्यंत टिकते. नातवाचे नाव न आठवणाऱ्या वृद्धा णमोकार मंत्र मात्र अडखळल्याशिवाय म्हणतात, स्तवनाची चाल धरतात. सेवा करणाऱ्यासाठी तो दिवसातील निवांत अर्धा तास असतो, म्हणून त्याचा उपयोग करून घ्यावा.

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘अस्तु’ हा मराठी चित्रपट आपल्यापैकी काहींनी पाहिला असेल. डॉ. मोहन आगाशे यांनी त्यात स्मृती हरवत चाललेल्या संस्कृत पंडिताची भूमिका केली आहे. वडिलांना सांभाळणारी मुलगी काही क्षणांसाठी त्यांना गाडीत सोडून जाते आणि ते एका हत्तीच्या मागे निघून जातात. माहुताची गरीब बायको त्यांना लेकराप्रमाणे सांभाळते. तिला त्यांची विद्वत्ता माहीत नाही, म्हणून ती गेल्याचे दुःखही नाही. मुलीला मात्र समोर बसलेल्या वडिलांत आपले वडील सापडत नाहीत. सेवा करणाऱ्याच्या मनातील हा शोक आपण ओळखत नाही. माणूस हयात असल्यामुळे त्याचे सांत्वन करायला कोणी येत नाही.

आता साहाय्य कसे करावे याकडे वळतो. आपल्या परंपरेत वैयावृत्त्य हे अंतरंग तप मानले आहे, आणि ज्यांची सेवा करावयाची त्यांत ‘ग्लान’ म्हणजे आजारी यांचा स्वतंत्र उल्लेख आहे. परंतु आपण एक गोष्ट विसरतो. शिवार्यांच्या ‘भगवती आराधना’ या ग्रंथात सल्लेखना घेतलेल्या क्षपकाच्या सेवेसाठी ४८ निर्यापक सांगितले आहेत. चार-चार जणांत कामे वाटलेली आहेत : कोणी शरीराला आधार द्यावयाचा, कोणी धर्मकथा ऐकवावयाची, कोणी आहाराची, कोणी मलविसर्जनाची व्यवस्था पाहावयाची, कोणी दारावर थांबावयाचे. काळ प्रतिकूल असेल तर ही संख्या कमी करावी, पण दोनपेक्षा खाली नेऊ नये. कारण एकटा सेवेकरी स्वतःच्या आहारासाठी गेला तर क्षपक उघडा पडतो, आणि न गेला तर स्वतःचा घात होतो. तो प्रसंग वेगळा आणि आपला विषय वेगळा, याची मला जाणीव आहे. मी फक्त कामाच्या वाटणीकडे लक्ष वेधतो. जेथे मुनिसंघानेही एकट्यावर भार टाकला नाही, तेथे आपण तो पंचावन्न वर्षांच्या, स्वतः गुडघेदुखीने त्रस्त असलेल्या एका गृहिणीवर टाकतो आणि वर तिला पुण्यवान म्हणतो.

“काही लागले तर सांगा” हे वाक्य आपण सद्भावनेने बोलतो. त्याचा उपयोग शून्य, कारण सांगायलाही उसंत लागते, आणि संकोच आड येतो. त्याऐवजी “दर मंगळवारी तीन ते सहा मी तुमच्या सासऱ्यांजवळ बसतो, तुम्ही बाहेर जा” असे म्हणावे, आणि मंगळवारी तीनला पोहोचावे. पर्युषणात, दशलक्षण पर्वात कितीतरी सेवेकरी वर्षानुवर्षे प्रवचनाला येऊ शकलेले नाहीत. त्या दिवसांत प्रत्येक अशा घरी पाळीपाळीने एक स्वयंसेवक बसला, तर तो काही मोठा खर्च नव्हे.

पुण्या-मुंबईत किंवा अमेरिकेत असलेल्या भावंडांनाही दोन शब्द सांगितले पाहिजेत. फोनवरून उपचार सुचवू नयेत. रात्रीच्या मदतनीसाचा पगार स्वतःकडे घ्यावा, आणि वर्षातून एक महिना स्वतः येऊन राहावे. तो महिना राहिल्यानंतर सूचना आपोआप कमी होतात, असा माझा अनुभव आहे.

व्यापारी घरांसाठी एक व्यावहारिक बाब. दुकानाच्या गादीवर बसणाऱ्या वडीलधाऱ्यांच्या हिशेबात वारंवार चुका होऊ लागल्या, सही बदलू लागली, की मृत्युपत्र, बँकेतील खाती व नामनिर्देशन यांची व्यवस्था ते समजण्याच्या स्थितीत असतानाच, त्यांच्याच इच्छेने करून घ्यावी. साधे मुखत्यारपत्र आपल्या कायद्यानुसार, देणाऱ्याची बुद्धी विकल झाल्यावर टिकत नाही, आणि मग न्यायालयाची पायरी चढावी लागते. तसेच रुग्णाच्या खिशात नाव व दूरध्वनीचा कागद असावा. घरातून निघालेले आजोबा पायांच्या सवयीने मंदिराकडे येण्याचा संभव मोठा, म्हणून पुजारी आणि पहारेकरी यांना त्यांची ओळख करून द्यावी.

शेवटी विश्वस्तांपुढे एक विनंती ठेवतो. हे काम केवळ तज्ज्ञांचे आहे असे समजून मागे सरू नये. गोव्यात बार्देश आणि तिसवाडी या तालुक्यांत डॉ. अमित डायस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ८१ कुटुंबांबरोबर एक प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले. स्थानिक, साधारण शिकलेल्या व्यक्तींना थोडे दिवस प्रशिक्षण देऊन त्यांना सहा महिने घरोघरी पाठवले. त्यांनी आजार समजावून सांगितला, त्रासदायक वर्तन कसे हाताळावे ते दाखवले, सरकारी योजनांची माहिती दिली आणि मुख्य म्हणजे ऐकून घेतले. मागे मानसोपचारतज्ज्ञाचा आधार होता. ज्या घरांत त्या गेल्या, तेथील सेवेकऱ्यांचे मानसिक स्वास्थ्य लक्षणीय सुधारले. रुग्ण बरे झाले नाहीत. ती अपेक्षाही नव्हती.

आपल्या महिला मंडळात अशा दहा भगिनी सहज मिळतील. भारतीय अल्झायमर संघटना, म्हणजे ‘आर्डसी’, १९९२ पासून काम करीत असून तिच्या शाखा देशातील अनेक शहरांत आहेत. प्रशिक्षणासाठी तिच्याशी संपर्क साधता येईल. ज्येष्ठांसाठी १४५६७ आणि मानसिक आरोग्यासाठी ‘टेलिमानस’चा १४४१६ हे शासकीय दूरध्वनी क्रमांक कार्यालयाच्या फलकावर आजच लिहिता येतील. तळमजल्यावरील सभागृह दुपारी दोन ते पाच रिकामे असते. महिन्यातून एक दुपार सेवेकऱ्यांना एकमेकांशी बोलण्यासाठी, आणि पुढे जमल्यास आठवड्यातून दोन दुपारी रुग्णांना तेथे बसवण्यासाठी द्यावी. पहिल्या बैठकीस तीनच माणसे आली तरी ती बंद करू नये. या घरांतील माणसांना बाहेर पडण्याची सवयच राहिलेली नसते.

कार्यक्रमानंतर व्यवस्थापकांच्या टेबलावर एक वही ठेवण्याचे अध्यक्ष महोदयांनी मान्य केले आहे. ज्यांना आठवड्यातून तीन तास देता येतील त्यांनी आपले नाव, वार आणि वेळ लिहावी. ज्यांच्या घरी रुग्ण आहे त्यांनी वहीत नाव लिहिण्याची आवश्यकता नाही. व्यवस्थापकांना एकांतात सांगितले तरी चालेल.