सूक्ष्मदर्शकामागचे वैद्य

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील व्याख्यान)



रुग्ण बरा होऊन घरी परततो, तेव्हा शल्यचिकित्सकाचे नाव त्याच्या ओठांवर असते. परिचारिकेचा चेहराही त्याच्या स्मरणात राहतो. परंतु ज्याच्या चार ओळींच्या अहवालावर शस्त्रक्रियेचा निर्णय झाला, तो विकृतिशास्त्रज्ञ मात्र त्याने कधी पाहिलेलाही नसतो. विकृतिशास्त्र म्हणजे पॅथॉलॉजी, अर्थात रोगाने शरीराच्या पेशींत व ऊतींत काय बदल घडवले ते ओळखण्याचे शास्त्र. या शास्त्राचे अध्यापक शिकवतात, निदान करतात आणि त्या निदानातूनच संशोधनही करतात. मुंबईतील परळच्या एका वैद्यकीय महाविद्यालयाची कथा याचे उत्तम उदाहरण आहे.

शेठ गोरधनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याला जोडलेले के.ई.एम. रुग्णालय १९२६ साली सुरू झाले. शेठजींच्या संपत्तीच्या विश्वस्तांनी देणगी देताना एक अट घातली होती. येथील अध्यापक भारतीयच असावेत आणि ते सरकारी सेवेतील नसावेत, ही ती अट. मोठी पदे बहुधा परकीयांकडे जात असत, त्या काळातली ही गोष्ट. दान केवळ किती दिले यापेक्षा कोणत्या हेतूने दिले, याचे मोल किती असते, ते पुढच्या इतिहासाने दाखवून दिले.

या महाविद्यालयात विकृतिशास्त्र शिकविणाऱ्यांत डॉ. वसंत रामजी खानोलकर यांचे नाव अग्रगण्य आहे. १८९५ साली जन्मलेले खानोलकर लंडन विद्यापीठाची एम.डी. पदवी घेऊन मायदेशी परतले. पुढे १९४१ साली टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले, तेव्हा तेथील प्रयोगशाळांची धुरा त्यांनी सांभाळली. कुष्ठरोगाने मज्जातंतूंची जी हानी होते, तिचा त्यांनी अभ्यास केला. पण त्यांच्या चिंतनाचा मुख्य विषय होता कर्करोग. १९४४ साली मुंबईतील मुखाच्या कर्करोगाच्या सलग एक हजार रुग्णांचा आढावा त्यांनी प्रसिद्ध केला. काचपट्टीवर दिसणाऱ्या पेशींपाशी ते थांबले नाहीत. हा रुग्ण काय खातो, काय चघळतो, कोणत्या समाजातून येतो, हेही त्यांनी विचारले. एकाच शहरात राहणाऱ्या निरनिराळ्या समाजांत कर्करोग निरनिराळ्या अवयवांत का आढळतो, या प्रश्नाने त्यांना सवयींकडे नेले. १९५२ साली स्थापन झालेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्राचे ते पहिले संचालक झाले. १९५४ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. १९७८ साली त्यांचे निधन झाले.

त्या अभ्यासाचा धडा आजही ताजा आहे. महाराष्ट्रात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली. तरी पुष्कळांची समजूत अशी की, तंबाखू नसली म्हणजे सुपारी निरुपद्रवी. ही समजूत चुकीची आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात नुसत्या सुपारीलाही मानवात कर्करोग घडविणाऱ्या पदार्थांत गणले आहे. सुपारीमुळे गालाच्या आतली त्वचा ताठर होते, तोंड पुरेसे उघडेनासे होते आणि त्यातूनच पुढे कर्करोग उद्भवू शकतो. जेवणानंतर पाहुण्यांपुढे येणाऱ्या तबकाचा विचार प्रत्येक घराने करावा, एवढे हे गंभीर आहे.

दुसरी कथा रक्ताची. के.ई.एम. रुग्णालयात डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना काही व्यक्तींचे रक्त कोणत्याही ज्ञात गटात बसत नसल्याचे आढळले. १९५२ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात हा शोध प्रसिद्ध झाला आणि त्या गटाला 'बॉम्बे रक्तगट' हे नाव जगभर रूढ झाले.

याचे मर्म असे आहे. 'ए' आणि 'बी' हे घटक तांबड्या पेशींवर 'एच' नावाच्या पायावर उभे राहतात. 'ओ' गटाच्या पेशींवर हा पाया तसाच उघडा असतो. बॉम्बे गटाच्या व्यक्तीत मात्र पायाच नसतो. त्यामुळे साध्या चाचणीत असे रक्त 'ओ' भासते. पण त्या व्यक्तीच्या रक्तद्रवात 'एच'विरोधी प्रतिपिंडे असतात. तिला 'ओ' गटाचे रक्त दिले, तर दिलेल्या पेशी फुटून प्राणावर बेतू शकते. तिला केवळ बॉम्बे गटाचेच रक्त चालते. भारतात सुमारे दहा हजारांत एक व्यक्ती या गटाची असल्याचे मानले जाते. हा गुण आई आणि वडील अशा दोघांकडून आला तरच प्रकट होतो, म्हणून जवळच्या नात्यांत विवाह होतात तेथे त्याची शक्यता वाढते. रुग्णाचा रक्तद्रव 'ओ' पेशींशी पडताळून पाहिला की हा गट उघड होतो. म्हणूनच 'ओ' गट लिहिलेला कागद हाती असला, तरी रक्त देण्यापूर्वीची जुळणी कधीही टाळू नये. भावंडांपैकी एकाचा बॉम्बे गट निघाला, तर बाकीच्यांनीही तपासून घ्यावे. संकटसमयी तेच एकमेकांचे रक्तदाते ठरू शकतात.

या दोन्ही शोधांचा उगम रोजच्याच कामात आहे. शरीरातून काढलेला तुकडा फॉर्मलिनमध्ये ठेवून, मेणात बसवून, त्याचे काही सहस्रांश मिलिमीटर जाडीचे काप काढतात आणि ते रंगवून पाहतात. रुग्ण शस्त्रक्रियेच्या मेजावर असतानाच ऊती गोठवून पंधरा-वीस मिनिटांत उत्तर द्यावे लागते, तेव्हा या वैद्यांची खरी कसोटी लागते. तेच उत्तर ऐकून शल्यचिकित्सक किती कापायचे ते ठरवतो. मृत्यूचे कारण न उमगल्यास नातेवाइकांच्या संमतीने शवपरीक्षाही होते. दुःखाच्या क्षणी ती संमती देणे फार कठीण आहे. पण त्या एका संमतीतून पुढच्या रुग्णाचे निदान सुकर होऊ शकते.

बंधू-भगिनींनो, दवाखान्यातून अहवाल मिळाला म्हणजे तो जपून ठेवावा. दुसरे मत हवे असेल, तर काचपट्ट्या आणि मेणाचे ठोकळेही मागून घ्यावेत. अहवालाला दोन दिवस उशीर झाला, तर रागावू नये. कदाचित त्या वेळी कोणी अध्यापक तीच काचपट्टी पुन्हा एकदा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून, खात्री पटेपर्यंत पाहत असेल. त्याचे नाव रुग्णाला कधी कळणार नाही. तरीही तो पाहत राहतो, आणि त्याच्या त्या पाहण्यावर कुणाचे तरी आयुष्य उभे असते.