घरातील साठा : भांडवल की ओझे?

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त घरगुती व्यवसाय करणाऱ्या भगिनींसाठी भरविलेल्या मार्गदर्शन शिबिरातील भाषण)





आपल्यापैकी अनेक भगिनी आज एखाद्या कंपनीच्या मालाची थेट विक्री करीत आहेत. कोणी सौंदर्यप्रसाधने विकतात, कोणी स्वयंपाकघरातील डबे, कोणी साबण व धुण्याची पावडर, तर कोणी पौष्टिक पदार्थ. कंपनी त्यांना 'कन्सल्टंट' किंवा 'वितरक' असे भारदस्त नाव देते. गाळ्याचे भाडे नाही, नोकरांचा पगार नाही, घर सांभाळून चार पैसे मिळतात. ही सोय लहान नाही. परंतु दुकान नसले तरी माल असतोच. तो कपाटात, दिवाणाच्या पेटीत किंवा माळ्यावर ठेवावा लागतो. असा माल घरात किती ठेवावा, हा प्रश्न प्रत्येक भगिनीसमोर पहिल्याच महिन्यात उभा राहतो. मी आयुष्यभर कापडाच्या पेढीवर बसलो. साठा म्हणजे काय हे थोडे बी.कॉम.च्या पुस्तकांनी शिकविले आणि पुष्कळसे त्या गादीने. त्या अनुभवाच्या आधारे या एकाच प्रश्नावर बोलण्याची अनुज्ञा असावी.

प्रथम या व्यवसायाचा पूर्वेतिहास थोडक्यात पाहू. अमेरिकेत डेव्हिड मॅकोनेल यांनी १८८६ साली सुगंधी द्रव्यांचा जो धंदा सुरू केला, तोच पुढे 'एव्हॉन' या नावाने जगभर पोहोचला. विक्रेत्या स्त्रीने घरोघरी जाऊन नमुने दाखवावेत, मागणी लिहून घ्यावी आणि माल आल्यावर पोहोचवावा, अशी तेथील रीत होती. 'टपरवेअर'ने १९५१ मध्ये आपला माल दुकानांतून काढून घेतला आणि ब्राउनी वाइज यांच्या पुढाकाराने केवळ घरगुती मेळाव्यांतून विक्री करण्याचे ठरविले. तेथेही मेळाव्यात मागणी नोंदवायची आणि माल नंतर द्यायचा. याउलट १९६३ मध्ये मेरी के ॲश यांनी डॅलस येथे सुरू केलेल्या कंपनीत सल्लागार स्त्रीने स्वतःजवळ माल बाळगावा व ग्राहकाच्या हाती तेथल्या तेथे द्यावा, यावर भर राहिला. म्हणजे 'आधी मागणी, मग माल' आणि 'आधी माल, मग ग्राहक' असे दोन प्रघात या व्यवसायात प्रथमपासून आहेत. आपल्या देशात १९९५ पासूनच्या काही वर्षांत ओरिफ्लेम, मोदीकेअर, टपरवेअर, ॲमवे अशा कंपन्यांनी कामास प्रारंभ केला, तेव्हा हे दोन्ही प्रघात त्यांच्यासोबत आले.

दोहोंतही तथ्य आहे. राखीपौर्णिमेच्या आदल्या दिवशी भेटवस्तू मागणाऱ्या ग्राहकाला 'दहा दिवस थांबा' असे सांगून चालत नाही. नेहमीचा साबण संपला आणि आपल्याकडे मिळाला नाही, तर ती गृहिणी कोपऱ्यावरच्या दुकानातून दुसरा साबण घेते आणि कदाचित पुन्हा आपल्याकडे येत नाही. तेव्हा थोडा माल हाताशी हवाच. प्रश्न आहे तो 'थोडा' म्हणजे किती याचा.

त्यासाठी एक सोपे गणित मांडतो. समजा, आपण १०,००० रुपयांचा माल घेतला आणि त्याची छापील किंमत १२,५०० रुपये आहे. सर्व माल विकला तर २,५०० रुपये नफा. आता त्यातील पाचवा हिस्सा पडून राहिला असे धरा. उरलेल्या चार हिश्श्यांचे छापील किमतीने बरोबर १०,००० रुपये येतात. महिनाभर पायपीट केली, फोन केले, नमुने दाखविले आणि नफा शून्य. पाचांतील एक वस्तू कपाटात राहिली, तर बाकी चार वस्तूंची मेहनत ती एकटी गिळून टाकते. ग्राहकाला छापील किमतीवर वीस टक्के सूट दिली, तरी हिशेब हाच होतो.

दुसरे गणित काळाचे. तोच १०,००० रुपयांचा माल महिन्याला एकदा फिरला, तर वर्षाकाठी ३०,००० रुपये मिळतात. सहा महिन्यांतून एकदा फिरला, तर अवघे ५,०००. माल तोच, कंपनी तीच, टक्केवारीही तीच. त्यात माल क्रेडिट कार्डावर घेतला असेल तर पाहू नका. कार्डाच्या थकबाकीवर महिन्याला तीन टक्के किंवा त्याहून अधिक व्याज लागणे सर्वसामान्य आहे. शंभर रुपयांच्या खरेदीवर पंचवीस रुपये सुटणार. माल सहा महिने पडून राहिला तर त्यांतील अठरा रुपये व्याजातच गेले. आमच्या कापडबाजारात जुनी माणसे ताग्यांच्या उंचीवरून पेढीची श्रीमंती मोजत नसत. माल किती वेळा फिरतो, हे ते विचारीत.

शिवाय कापडाला एक सवलत आहे, जी आपल्या मालाला नाही. पांढरे लाँगक्लॉथ दोन वर्षांनीही विकले जाते. क्रीम, लिपस्टिक, जीवनसत्त्वाच्या गोळ्या यांवर मात्र मुदत छापलेली असते. त्या तारखेनंतर तो माल विकणे अप्रामाणिकपणाचे आहे आणि ग्राहकाला अपायकारकही ठरू शकते. कोकणातील पावसाळी दमटपणा किंवा विदर्भातील उन्हाळा यांत बंद कपाटातील प्रसाधने मुदतीपूर्वीही बिघडू शकतात. घराचा विमा असला, तरी त्यात विक्रीचा माल आपोआप समाविष्ट होतो असे समजू नये. विमा कंपनीस विचारून खात्री करावी.

मग सुजाण गृहिणी गरजेपेक्षा अधिक माल का घेते? बहुतेक वेळा ग्राहकासाठी नव्हे, तर वरच्या पायरीसाठी. महिन्याचे शेवटचे दोन दिवस उरतात, अपलाइनचा फोन येतो : 'ताई, थोडेच पॉइंट कमी आहेत, आत्ता माल उचला, नंतर विकला जाईल.' समजा, एखादीची खरी विक्री खरेदीच्या किमतीने महिना ६,००० रुपयांची आहे आणि पायरीसाठी १५,००० ची खरेदी हवी. ती ९,००० रुपयांचा जादा माल घेते. वरच्या पायरीचा जादा बोनस तीन टक्के धरला, तर तिला ४५० रुपये मिळतात. पुढच्या महिन्यात पायरी टिकविण्यासाठी पुन्हा तेच. चार महिन्यांत बोनस झाला १,८०० रुपये आणि कपाटात माल साचला ३६,००० रुपयांचा. तिच्या नेहमीच्या विक्रीच्या वेगाने तो संपवायला, एक पैचीही नवी खरेदी न करता, सहा महिने लागतील. तिने माल घेतलाच नाही. स्वतःच्या पैशाने एक पदवी विकत घेतली.

आमच्या नात्यातील एका भगिनीवर अशीच वेळ आली होती. बांगड्या गहाण ठेवून तिने साठा केला होता. आम्ही दोघांनी बसून मालाची यादी केली, त्याला दोन दुपारी लागल्या. न फोडलेला व मुदतीतला माल परत गेला, त्याचे पैसे मिळाले. उरलेल्या मालाचे काहीच झाले नाही. बांगड्या सोडवून आणायला पुढे दीड वर्ष लागले. तिचे कष्ट कमी नव्हते, ग्राहकांशी वागणेही गोड होते. तिची चूक एवढीच की विक्रीचा अंदाज ग्राहकांच्या तोंडून न घेता तिने दुसऱ्याच्या उत्साहातून घेतला.

या बाबतीत कायदा आपल्या बाजूचा आहे, हे भगिनींनी जाणून असावे. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने सप्टेंबर २०१६ मध्ये थेट विक्रीसाठी मार्गदर्शक तत्त्वे दिली. वाजवी मुदतीत ग्राहकांना विकला जाईल त्याहून अधिक माल घेण्याची सक्ती विक्रेत्यावर नसावी, प्रवेश शुल्क नसावे आणि विक्रीयोग्य माल वाजवी अटींवर परत घेण्याची व्यवस्था असावी, असे त्यांत म्हटले होते. पुढे ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये डिसेंबर २०२१ मध्ये थेट विक्रीचे स्वतंत्र नियम अधिसूचित झाले. त्यांनी पिरॅमिड योजना व पैसाफिरवी योजना यांना मनाई केली. अमेरिकेत १९७९ मध्ये फेडरल ट्रेड कमिशनने ॲमवेच्या प्रकरणात निर्णय देताना ती पिरॅमिड योजना नाही असे जे ठरविले, त्यात साठ्याविषयीच्या नियमांना महत्त्व दिले होते. बोनससाठी त्या महिन्यात घेतलेल्या मालापैकी किमान ७० टक्के विकलेला असावा, महिन्याला दहा वेगवेगळ्या किरकोळ ग्राहकांना विक्री झालेली असावी आणि न विकलेला माल परत घेतला जावा, असे ते नियम होते. यातील मर्म लक्षात घ्या. माल अखेर वापरणाऱ्याच्या घरी पोहोचतो तोवर तो व्यापार आहे. तो केवळ विक्रेत्यांच्या कपाटांत साचू लागला, की व्यापार संपून दुसरेच काही सुरू होते.

माल परत घेण्याचे आश्वासन असले, तरी त्याच्या भरवशावर साठा करू नये. मुदत, वेष्टन, पावती यांच्या अटी आधी वाचाव्यात. आणि परत घेणारी कंपनी टिकेल तेव्हाच ते आश्वासन टिकते. टपरवेअरसारख्या विख्यात कंपनीनेही सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत दिवाळखोरीच्या कायद्याखाली संरक्षण मागितले, हे आपण वाचले असेल.

आता प्रत्यक्ष काय करावे, ते सांगतो.

आपल्या मालाचे तीन भाग पाडावेत. पहिला, रोजच्या वापराचा व पुन्हा पुन्हा मागितला जाणारा : साबण, टूथपेस्ट, नेहमीचे क्रीम. हाच हाताशी ठेवावा, तोही मोजून. एखादे क्रीम महिन्याला सहा नग विकले जाते आणि मागविलेला माल दहा दिवसांत येतो, तर त्या दहा दिवसांची विक्री दोन नग, अडीअडचणीला एक. म्हणजे तीन नग शिल्लक राहिले, की नवी मागणी नोंदवावी. दुसरा भाग निवडीचा : लिपस्टिकच्या छटा, सुगंध. कापडात आम्ही यालाच रंगसंगतीचा माल म्हणतो. ग्राहकाला नेमका आपल्याजवळ नसलेला रंग हवा असतो. याचे फक्त नमुने ठेवावेत आणि मागणी घेऊनच माल आणावा. तिसरा भाग सणासुदीचा : दिवाळीचे संच, लग्नातील भेटी. याची नोंदणी महिनाभर आधी आणि थोडी रक्कम आगाऊ घेऊन करावी.

नव्याने काम सुरू करणाऱ्या भगिनीने पहिले तीन महिने केवळ दाखविण्यापुरता माल घ्यावा. त्यानंतर तीन महिन्यांच्या प्रत्यक्ष विक्रीची सरासरी काढावी. एका महिन्याच्या त्या सरासरीहून अधिक माल घरात कधीही नसावा, ही मर्यादा स्वतःला घालून घ्यावी. स्वतःच्या घरात वापरलेला माल विक्रीत धरू नये. तो घरखर्च आहे.

एक वही ठेवावी. वस्तू, खरेदीची तारीख, मुदत, किंमत, विक्रीची तारीख, ग्राहक : एवढे सहा रकाने पुरेत. आधी आलेला माल आधी द्यावा. वर्षअखेरीस, ३१ मार्चला, शिल्लक मालाची मोजदाद करावी. हिशेबशास्त्राचा नियम असा की शिल्लक मालाची किंमत खरेदीभावाने किंवा विकून हाती येईल त्या भावाने, यांतील जी कमी असेल ती धरावी. मुदत संपलेल्या वस्तूपुढे शून्य लिहावे. ते लिहिताना हात अडखळतो, पण वर्षभर कमावले की गमावले हे त्या शून्यातूनच कळते.

शेवटची गोष्ट वहीत मावत नाही, तरी सांगितली पाहिजे. साचलेला माल माणसाचे बोलणे बदलतो. मुदत जवळ आली की आपण नणंदेला, शेजारणीला, मंडळातील मैत्रिणीला आग्रह करू लागतो. त्या एकदा भिडेखातर घेतात, दुसऱ्यांदा घेतात आणि तिसऱ्यांदा आपला फोन उचलत नाहीत. आपले नाव व आपला विश्वास हेच थेट विक्रीतील खरे भांडवल आहे. ते कोणत्याही कंपनीकडून पुन्हा मागविता येत नाही. ज्या भगिनीच्या कपाटात मोजकाच माल असतो, ती ग्राहकाला मोकळेपणाने सांगू शकते, 'ताई, हे तुम्हाला उपयोगाचे नाही, घेऊ नका.' असे एकदा ऐकलेला ग्राहक वर्षानुवर्षे टिकतो.

तेव्हा पुढील खरेदीपूर्वी एकच प्रश्न स्वतःस विचारावा : हा माल नावानिशी कोण घेणार आहे? नावे आठवली तर निःशंक मागवावा. न आठवली, तर तो कंपनीच्याच गोदामात राहू द्यावा. तेथे त्याचे भाडे आपल्याला भरावे लागत नाही.

सर्व भगिनींच्या उद्योगास यश लाभो, ही मनःपूर्वक सदिच्छा.

जय जिनेंद्र.