खुराक आणि ताकद

आपली मुलं आता जिमच्या वयाची झाली. घरोघरी गेनर पावडरचे डबे आलेत आणि ‘एवढं खायला हवंच का?’ हा प्रश्नही. मी डॉक्टर नाही, संगणकवाली; पण आकडे तपासायची खोड आहे, म्हणून बोलते.

नॉर्वेत अव्वल खेळाडूंवर झालेला एक अभ्यास २०१३ साली छापून आला. वजनांचा व्यायाम सगळेच करत होते. एका गटाला आहार आखून दिला. तो दुसऱ्यापेक्षा रोज सहाशेक कॅलरी जास्त खात होता. दुसरा गट आपापल्या भुकेप्रमाणे जेवला. आठ ते बारा आठवड्यांत पहिल्या गटाची चरबी १५ टक्के वाढली, दुसऱ्याची ३. स्नायू आणि ताकदीत मात्र दखल घ्यावी असा फरक नव्हता.

आपल्याकडे पैलवानाचा खुराक सगळे सांगतात, त्याच्या जोर-बैठका कोणी मोजत नाही. स्नायू वाढतो भार उचलल्याने. त्याला प्रथिनं लागतात, व्यायाम करणाऱ्याला किलोमागे दीडेक ग्रॅम. नुसत्या वरणभातात ती भरत नाहीत, उसळ, दही, अंडी वाढवावी लागतात. काटकुळ्या मुलाने चार घास जरूर जास्त खावेत. गेनरच्या डब्यात बहुधा कर्बोदकंच जास्त असतात, मागचा मजकूर वाचा.

आपल्या वयाच्या बायका नेमकं उलटं करतात. रात्रीचं जेवण तोडतात आणि वजन उचलायला घाबरतात. मग चरबीबरोबर स्नायूही जातो. किडनीचा त्रास असेल तर प्रथिनं डॉक्टरांना विचारूनच वाढवा. बाकीच्यांनी उद्या खुर्चीतून हात न टेकता दहा वेळा उठून बघा.