ठिपक्यांचा बाप्पा आणि निऑनची प्रभावळ

(गणेशोत्सवातील तिसऱ्या दिवशी, सायंआरतीनंतर झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



मी काही वक्ता नाही. सोलापूरला डिप्लोमा केला, रेल्वेच्या सिग्नल आणि टेलिकॉम खात्यात लागलो आणि गेली वीस वर्षं वायरी, रिले आणि दिवे यांच्याशीच बोलतोय. ते उलटून प्रश्न विचारत नाहीत, त्यामुळे सवय बिघडली आहे. पण दोन वर्षांपूर्वी मंडपाच्या डाव्या बाजूला जो एलईडीचा पडदा लावला होता, त्याची गोष्ट मी सांगावी असं कार्यकारिणीनं ठरवलं. ज्याची चूक, त्यानंच कबुली द्यावी हा न्याय मला मान्य आहे!

तर झालं असं. फ्लेक्सच्या सजावटीला कंटाळून आपण ठरवलं की मुलांकडून ठिपक्यांच्या चित्रातला, म्हणजे पिक्सेल आर्टमधला गणपती काढून घ्यायचा आणि तो एलईडी पॅनेलवर निऑनच्या पाटीसारखा झळकवायचा. वर्गणीतून एस. पी. रोडवरून आठ पॅनेल आणली. एकेक पॅनेल ३२ बाय १६ ठिपक्यांचं, दोन ठिपक्यांत १० मिलिमीटरचं अंतर. दोन आडवी, चार उभी अशी जोडली की ६४ बाय ६४, म्हणजे ४०९६ ठिपके आणि साधारण ६४ सेंटिमीटरचा चौकोन. माझी मुलगी आणि तिच्या पाच-सहा मैत्रिणी तीन आठवडे बसल्या. लॅपटॉपवर बाप्पा असा झळाळत होता की मीच तोंडभरून कौतुक केलं.

पहिल्या दिवशी आरतीच्या आधी स्विच टाकला. पहिल्या रांगेत आपल्या कोल्हापूरकडच्या आजी बसल्या होत्या. मुलाकडे राहायला आल्यामुळे त्या वर्षी त्यांच्या घरचा गणपती पहिल्यांदाच चुकला होता. त्यांनी पडद्याकडं पाहिलं, डोळे बारीक केले आणि विचारलं, "अरे, बाप्पा कुठाय? मला नुसता गुलाबी ढग दिसतोय."

मंडळी, आजींना मोतीबिंदू होता हे खरं. पण मी मागं जाऊन पाहिलं, तर चांगल्या डोळ्यांनाही ढगच दिसत होता. कुणीतरी म्हणालं, "काढा ते, फ्लेक्स लावा." दुसऱ्या दिवशी आरतीला मुली आल्या नाहीत. वर्गणीचे पैसे गेले याचं वाईट वाटलंच, पण मुली आल्या नाहीत ते जास्त लागलं. कारण चूक त्यांची नव्हती. ती कशी झाली आणि कशी सुधारली, एवढंच आज सांगतो.

आधी ठिपक्यांचं चित्र म्हणजे काय ते पाहू. आपल्याला ते नवीन नाही. इथल्या प्रत्येक घरात कुणीतरी ठिपक्यांची रांगोळी काढलेली आहे. माझे वडील सोलापुरात यंत्रमागावर होते. चादरीवरची नक्षी आधी चौकटीच्या कागदावर काढतात, एकेक चौकोन भरतात आणि त्याप्रमाणे जॅकार्डच्या पुठ्ठ्यांना भोकं पाडतात. मोराची मान वळवायची तर कुठला चौकोन भरायचा आणि कुठला सोडायचा, हे त्या नक्षीकाराला कळावं लागतं. पिक्सेल आर्ट म्हणजे तेच. आमच्या स्टेशनवरच्या बोर्डावरही तेच असतं. इंग्रजी अक्षर ५ बाय ७ ठिपक्यांत बसतं. पण देवनागरीला वर वेलांटी, खाली उकार, कन्नडला खाली जोडाक्षराचं शेपूट! जागा जास्त लागते. चौकोन मोजकेच असले की प्रत्येक चौकोनाला काम द्यावं लागतं.

आता निऑन. हल्ली दुकानांत निऑन म्हणून जी लवचिक पट्टी विकतात, तिच्यात निऑन नसतोच. आत एलईडी आणि वर सिलिकॉन. खरा निऑन हा वायू. विल्यम रॅम्झे आणि मॉरिस ट्रॅव्हर्स या दोघांनी लंडनमध्ये १८९८ साली हवेतून तो वेगळा केला. काचेच्या नळीत भरून वीज सोडली तर लालभडक उजेड पडला. नाव ठेवलं ग्रीक भाषेतलं, अर्थ ‘नवा’. १९१० साली जॉर्ज क्लॉद यांनी पॅरिसच्या मोटार प्रदर्शनात निऑनच्या नळ्या लोकांना दाखवल्या आणि तिथून त्या पाट्यांवर आल्या.

हे लांबचं वाटतं ना? मग ऐका. जमशेटजी टाटांना विज्ञानसंस्था काढायची होती, तेव्हा जागा सुचवण्यासाठी त्यांनी बोलावलं ते याच रॅम्झेंना. ते १९०० साली हिंदुस्थानात आले, फिरले आणि त्यांनी बंगळूरचं नाव सुचवलं. त्या संस्थेचे पहिले संचालक झाले मॉरिस ट्रॅव्हर्स! म्हणजे तुमकूर रोडनं यशवंतपूरच्या पुढं गेलं की रिक्षावाले ज्याला अजून ‘टाटा इन्स्टिट्यूट’ म्हणतात, तिथला पहिला प्रमुख हा निऑन शोधणाऱ्या दोघांपैकी एक. पीण्यात बसून निऑनबद्दल बोलायचा आपला थोडा हक्क आहे, बरं का!

निऑनची नळी आपल्याला झळाळती का दिसते? डोळ्यात शिरणारा उजेड सगळाच एका जागी टेकत नाही. थोडासा डोळ्यातच विखुरतो आणि दिव्याभोवती मंद कडं दिसतं. मोतीबिंदूत भिंग गढूळ झालं की ते कडं फार वाढतं. या कड्याला मी प्रभावळ म्हणतो. मूर्तीच्या मागं असते तीच.

कागदावर किंवा पडद्यावर चित्र काढताना ही प्रभावळ आपणच काढायची. पद्धत सोपी आहे. रेषेचा गाभा एका ठिपक्याचा, जवळजवळ पांढरा, जरासा गुलाबीकडं झुकलेला. नवखा माणूस इथंच चुकतो, गाभाच लालभडक करतो. खूप तेजस्वी दिव्याचा मध्य डोळ्याला आणि कॅमेऱ्याला फिकट दिसतो, रंग कडेला दिसतो. म्हणून गाभ्याच्या दोन्ही बाजूंना खरा रंग: लाल २५५, हिरवा ४०, निळा ८०. त्याच्या बाहेर गडद किरमिजी, लाल साधारण १२०. त्याच्याही बाहेर ५०. मग संपलं. पायऱ्या सारख्या उतरायच्या नाहीत, प्रत्येक पायरीला निम्म्यापेक्षा जास्त उतरायचं. सारख्या पायऱ्या केल्या की प्रभावळ दिसत नाही, उशी दिसते.

आणखी दोन गोष्टी मुलांनी लिहून घ्याव्यात. वळणाच्या आतल्या कोपऱ्यात दोन बाजूंचा उजेड एकत्र येतो, तिथं प्रभावळ थोडी जास्त भरायची. बाहेरच्या कोपऱ्यातला टोकाचा ठिपका मात्र सोडून द्यायचा. दुसरं, खरी पाटी एकाच लांब नळीची वाकवून केलेली असते आणि जो भाग दिसायला नको त्याला काळा रंग फासतात. म्हणून सोंड आणि पोट यांच्या रेषा जोडायच्या नाहीत, मध्ये एक-दोन ठिपके काळे सोडायचे. एवढ्यानं चित्राची पाटी होते. शेजारी समई असेल तर तिच्या कडेला गुलाबी रंगाचा एकच ठिपका द्या. उजेड शेजाऱ्यावर पडला की तो खरा वाटतो.

हे सगळं मुलींनी व्यवस्थित केलं होतं. मग ढग कुठून आला?

इथं माझी चूक. संगणकाच्या पडद्यावर पूर्ण उजेडाचा आकडा २५५. त्याच्या निम्मा म्हणजे १२८ दिला, तर निम्मा उजेड मिळतो असं वाटेल. तसं होत नाही, साधारण २२ टक्केच मिळतो. ६४ दिला तर जेमतेम ५ टक्के. पडद्याची ही रीत आहे, तिला गॅमा म्हणतात. आपल्या पॅनेलच्या कंट्रोलरमध्ये ही दुरुस्ती मी चालूच केली नव्हती. तिथं हिशेब सरळ: १२८ म्हणजे ५० टक्के, ६४ म्हणजे २५ टक्के. म्हणजे प्रभावळीची जी मंद बाहेरची कडी मुलींनी हलक्या हातानं काढली होती, ती पॅनेलवर पाचपट आणि त्याहून जास्त पेटली. गाभा २५५ च्या वर जाऊ शकत नाही, तो होता तिथंच राहिला. कडी मात्र वर आली आणि गाभ्याला गिळून बसली. लॅपटॉपवर पाहून मी शाबासकी दिली आणि पॅनेलवर एकदाही लावून पाहिलं नाही. ड्यूटीवर मी टेस्टिंग केल्याशिवाय एकही सर्किट चालू करत नाही. घरच्या कार्याला मात्र "स्वल्प अॅडजस्ट माडी" म्हणून मोकळा झालो!

दुसऱ्या रात्री पडदा बंद ठेवला आणि साइटवर गेलो. यार्डात एका सिग्नलसमोर उभा राहिलो. वीस वर्षं पाहतोय, पण त्या रात्री नीट पाहिलं. सिग्नलच्या दिव्यामागं काळी पाटी असते आणि प्रत्येक दिव्यावर टोपीसारखं झाकण. झाकण ऊन अडवतं, नाहीतर उन्हाच्या परावर्तनानं न लागलेला दिवाही लागल्यासारखा वाटायचा. काळी पाटी दिव्याला अंधार पुरवते. ड्रायव्हरला लांबून लाल दिसावा म्हणून रेल्वे नुसता दिवा मोठा करत नाही, त्याच्यामागं काळं लावते. आणि मी गणपतीच्या भोवतीचा सगळा अंधार उजेडानं भरून टाकला होता.

घरी येऊन मुलीला उठवलं. तिला म्हटलं, "चित्र तुमचं बरोबर होतं. चूक माझी होती." ती काही बोलली नाही, पण लॅपटॉप घेऊन आली. आम्ही वहीत तक्ता केला. पॅनेलसाठी १२० चा ४९ केला, ५० चा ७. बाहेरचं चौथं कडं मी माझ्या हौसेनं वाढवलं होतं, ते पुसलं. लॅपटॉपवर पार्श्वभूमी काळसर निळी होती, कारण पडद्यावर निव्वळ काळा मेल्यासारखा दिसतो. पॅनेलवर ते ठिपके सरळ बंद केले. तिथं बंद म्हणजे खरा अंधार, तो फुकट मिळतो आणि वीजही वाचते. मोजलं, तर ४०९६ पैकी निम्म्याहून जास्त ठिपके आता बंद होते. मुलगी म्हणाली, "बाबा, एवढे पैसे देऊन आणले आणि बंद ठेवायचे?" मी म्हटलं, "रांगोळीत सगळे ठिपके जोडतेस का?"

सकाळी सहा वाजता मंडपात लावून पाहिलं. तिच्या मैत्रिणींना फोन केले. सगळ्या आल्या. एकीनं हट्टानं सोंडेजवळचे आणखी तीन ठिपके बंद करायला लावले आणि तिचंच बरोबर होतं.

संध्याकाळी आजी आल्या. मी मुद्दाम त्यांच्या मागं उभा राहिलो. काही विचारलं नाही. त्यांनी पडद्याकडं पाहिलं, पदर सावरला आणि हात जोडले. मग मुलाला म्हणाल्या, "सोंड डावीकडं आहे रे." बस्स. मला इन्स्पेक्शनचा सगळ्यात चांगला शेरा मिळाला.

आता आजींचं ऑपरेशन झालंय. आज त्या पहिल्या रांगेतच आहेत आणि मघाशी त्यांनी मला बोलावून सांगितलं की यंदाच्या चित्रात उंदराचा एक कान लहान झालाय. आजी, उद्या दुरुस्त करतो!

शेवटी एक विनंती. येत्या रविवारी सकाळी दहा वाजता इथंच मुलांसाठी दोन तासांचा वर्ग घेणार आहे. लॅपटॉप नसला तरी चालेल. चौकटीची वही, एक पेन्सिल आणि चार रंगीत खडू आणा. आधी कागदावर शिकायचं, मग पडद्यावर. सगळा कागद रंगवायची घाई असते तुम्हाला, मलाही होती. पहिल्या तासाला मी फक्त चौकोन रिकामे ठेवायला शिकवणार आहे. मोठ्यांनीही यावं. ज्यांना रांगोळी येते त्यांनी तर यावंच, कारण त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं. आणि घरी ज्येष्ठ मंडळी असतील तर त्यांनाही घेऊन या. चित्र झालं की पहिलं त्यांना दाखवायचं. त्यांना दिसलं, तर सगळ्यांना दिसेल.



गणपती बाप्पा मोरया!