कार्डाची बाकी सातासमुद्रापार

चिखली-खामगावकडचा मुलगा नोकरीसाठी दुबईला गेला आणि इथल्या क्रेडिट कार्डाची बाकी तशीच राहिली, तर? देश बदलला म्हणून देणं फिटत नाही. कार्डाचं व्याज बहुधा महिन्याला ३ टक्क्यांच्या वरच असतं. थकबाकीची नोंद सिबिलमध्ये, म्हणजे कर्जफेडीच्या इतिहासात, होते आणि उद्या गावी घरकर्ज मागताना आडवी येते.

मात्र नुसती उधारी थकली म्हणून कुणी तुरुंगात जात नाही. हा दिवाणी मामला आहे. जामीन न राहिलेल्या आईवडिलांवर फेडीची जबाबदारी येत नाही. वसुलीवाल्यांनी सकाळी ८ पूर्वी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करू नये, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे.

उलट बाजूही ध्यानात ठेवा. दुबईत देणं थकवून गावी परतलात, तरी सुटका नाही. २०२० पासून अमिरातीतल्या दिवाणी न्यायालयांचे हुकूमनामे भारतातल्या जिल्हा न्यायालयामार्फत अमलात आणता येतात.

म्हणून बँकेला ईमेल करा, हिशेब लेखी मागवा, हप्ते ठरवा. अनिवासी भारतीयांच्या एनआरओ खात्यातून भरणा करता येतो. कमी रकमेवर तडजोड करण्यापेक्षा पूर्ण फेड बरी. तडजोडीचा शेरा सिबिलवर राहतो. शेवटी बेबाकी दाखला घ्या. तक्रारीला बँकेनं ३० दिवसांत उत्तर दिलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. तिथं फी लागत नाही.