एक टिंब आणि ज़ोया

तीन वर्षांपूर्वी आमच्या घरी नात आली. सातव्या दिवशी अकीका ठरला आणि नावावरून घरात दोन तट पडले. लेकीने नाव काढले होते ज़ोया.

माझ्या लहानपणी सोलापुरात आमच्या मोहल्ल्यात जोहरा होत्या, जुलेखा होत्या, जैनब तर घरोघरी. ज़ोया एकही नव्हती. आता नातीच्या बालवाडीत तिच्याच वर्गात दोन आहेत. २०१२ साली ‘एक था टायगर’मध्ये कतरिना ज़ोया झाली, २०१३ला ‘रांझणा’त सोनम झाली, त्यानंतर हे नाव कुणाला अनोळखी राहिले नाही.

माझ्या थोरल्या आपाला मात्र ते पटेना. ती म्हणाली, “अगे, ज़ोय तो हरफ है! दूसरी हुई तो उसका नाम ज़्वाद रखती क्या?” आपाचे खरे आहे. उर्दूत जे, जाल, ज्वाद, ज़ोय अशी चार अक्षरे, आणि उच्चार मात्र चौघांचा एकच. मराठीत नेमके उलटे. आपल्या एका ‘ज’चे दोन उच्चार. ‘जीभ’मधला तालव्य आणि ‘जोर’मधला दंततालव्य. जमीन, बाजार, हजार, जखम हे फारसी शब्द मराठी माणूस नुक्ता न देता किती नीट बोलतो पाहा. ‘ज़ोया’ म्हणायला त्याला काहीही शिकावे लागत नाही. ‘जोर’ म्हणता म्हणता ‘जोया’ म्हणायचे, झाले! ‘जैनब’चे तसे नाही. तिथे जिभेला ‘जैन’ आठवतो.

अडचण जिभेची नाही, कागदाची आहे. जन्मनोंदणीच्या अर्जावर मी ‘ज’खाली टिंब दिले. कारकुनाने विचारले, “चाचा, हा शाईचा डाग आहे का?” दाखला हाती आला तो ‘झोया’ असा. बालवाडीच्या बाई तिला ‘झोका’तल्या ‘झ’ने हाक मारतात. मी तक्रार करायला निघालो होतो. मग आठवले, गेली तीस वर्षे मी स्वतः ‘गझल’ असेच लिहितो आहे, ‘मिर्झा’ असेच लिहितो आहे. परत फिरलो.

पण हे नावच का, असे मी लेकीला विचारले. ती म्हणाली, “अब्बा, हे नाव ऐकून माणूस आधी विचारील, कुठलं आहे? लगेच दार लावणार नाही.” लग्नानंतर ती आणि जावई एका मोठ्या शहरात भाड्याचे घर शोधत होते. फोनवर सगळे ठरायचे, आणि नाव सांगितले की घर कालच गेलेले असायचे. मी गप्प बसलो. त्यावर कवीनेसुद्धा काय बोलावे?

नाव मूळचे ना अरबी, ना फारसी. ग्रीक भाषेत ‘झोए’ म्हणजे जीवन. तिथून ते रशियात गेले. कॉलेजात असताना स्वस्तातल्या सोव्हिएत पुस्तकांतून मला पहिली ज़ोया भेटली. ज़ोया कोस्मोदेम्यान्स्काया, वय वर्षे अठरा. नोव्हेंबर १९४१मध्ये मॉस्कोजवळच्या पेत्रिश्चेवो गावात जर्मनांनी तिला पकडले, छळले, फाशी दिले. नाव विचारले तेव्हा तिने ‘तान्या’ सांगितले. खरे नाव दिलेच नाही.

हे मी लेकीला सांगितले नाही. तिला एवढेच सांगितले, की भाषाशास्त्रज्ञ तो ग्रीक ‘झोए’ आणि आपला ‘जीव’ एकाच मुळाचे मानतात. आपाला तेवढे पुरले. ती आता नातीला ‘मेरा जीव’ म्हणते, तेही अस्सल तालव्य ‘ज’ने.

लेकीचा हिशेब मात्र तितकासा जमला नाही. सिनेमांमुळे लोक आता नाव ऐकताच ओळखतात. एका कादंबरीतली ज़ोया सोळंकी आहे, असे मी सांगू लागलो तर ऐकायला कुणाला वेळ आहे?

नातीला अजून ‘ज’ म्हणता येत नाही, कुठलाच. परवा रिक्षात शेजारच्या आजींनी तिला नाव विचारले.

“दोया.”

“दया? छान हो!”

तिने मान हलवली आणि पुन्हा सांगितले, जरा जोरात, “दोया.”